पाट

गणपतीच्या शाळेत यंदा मी एकटीच गेले,
काखेत आमचा फणसाचा पाट,
पाठीवर खडूने वडिलांच्या हातचं: गावकर, वरचा वाडा.
वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडाच झाला होता.

मी सांगायला लागले,
सोंड डावीकडे, उंदीर उजवीकडे,
पितांबर पिवळं, पण फार पिवळं नको
तोच गुणाजी मेस्त्रींनी मातीचा हात वर केला.
“तुझ्या बापाशीन कधी इतक्या सांगूक नाय.
पाट ठेव थंय. नाव सांग. नि जा.”

आमच्या आचऱ्याकडे या कारखान्याला शाळा म्हणतात.
मला ते कधी वेगळं वाटलं नव्हतं.
त्या दिवशी भिंतीला टेकलेले शंभरएक रिकामे पाट पाहिले
आणि वाटलं, सगळे वर्ग इथेच भरतात की.

घरी लॅपटॉप उघडाच होता.
पुण्याच्या विमा कंपनीचा प्रोग्राम,
तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेला:
इथे न्यू मोटार, तिथे न्यू आरोग्य,
मोजले तर त्रेचाळीस जागी न्यू.
ज्याला पॉलिसी हवी त्यानेच तिची माती मळायची,
जसं काही प्रत्येक घराने चतुर्थीच्या सकाळी
शाडू भिजवत बसावं
आणि भटजींनी ओटीवर घड्याळ बघावं.
आता कंपनीला मच्छीमारांच्या होड्यांचाही विमा काढायचा होता.
त्रेचाळीसातली एक जागा मी विसरणार हे ठाऊक होतं.
कुठली, ते नव्हतं.

खडू पुसला नाही ना, असं निमित्त काढून
दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत.
मेस्त्रींची वही तेलकट, लाल कापडाची.
सारंग: नागावर.
पेडणेकर: उंदरावर, मोठा.
घाडी: साधा, आठ इंच.
बस. एवढंच.
आत काथ्या किती, काठी आहे की नाही,
साचा कुठला आणि हात कुठला,
हे नाव सांगणाऱ्याने विचारायचं नाही.
त्याला मिळतो तो पाटावर बसलेला,
आणि कुठलाही असो, त्याला दूर्वा वाहता येतात,
समोर दिवा लावता येतो,
दीड दिवसाने पाण्यात सोडता येतो.
मी म्हटलं, याला आमच्यात इंटरफेस म्हणतात.
“म्हणा,” मेस्त्री म्हणाले, आणि कान लावायला घेतला.

तळाशी शाई अजून ताजी होती.
कांदळगावचं नवं बिऱ्हाड: नाचणारा.
चार दिवस साचा घडवण्यात गेले,
वहीत एक ओळ वाढली.
वरच्या ओळींना कुणी हातही लावला नाही.

रात्री मी एक फाइल उघडली, नाव दिलं ‘शाळा’.
पुण्याहून शेरा येईल, नाव बदला. येऊ दे.
तरवा काढावा तसे न्यू उपटत गेले,
कंबर मोडेपर्यंत,
आणि पहाटे होडीसाठी एक ओळ घातली.
एकच.

राहिला एक प्रश्न. वहीत नावच नसेल तर?
माझा प्रोग्राम म्हणतो: प्रकार अज्ञात,
आणि रिकाम्या हाताने परत पाठवतो.
मेस्त्रींना विचारलं.
त्यांनी कोपऱ्यातला एक पाट दाखवला,
खाऱ्या हवेने अक्षरं खाल्लेला.
“नाव नाय गावला, तरी पाट इलो मा?
पाट इलो म्हणजे कोणतरी वाट बगता.”

कंपनीच्या नियमात हे बसत नाही.
मी चूक चूकच ठेवली,
फक्त वर एक टीप लिहिली:
मेस्त्री असं करत नाहीत.

आदल्या संध्याकाळी गणपती आणला.
पितांबर पिवळं, फार पिवळं नाही.
उंदीर मात्र डावीकडे.
मी फोन उचलला, मेस्त्रींना सांगायला.
वडील खुर्चीतूनच म्हणाले,
“ठेव तो. आपला उंदीर डावीकडेच असतो.
माझ्या जन्मापासून.”