चौदा आणि चौदा

चौदा पुड्या पेवांतल्या, चौदा गोदामांतल्या.
दस्तगीर पेंढारी स्वतः घेऊन आले हरिपुराहून,
जुन्या चोपडीच्या पानांत बांधून,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं मालकाचं नाव.
मी विचारलं, या एकमेकींच्या कुणी लागत नाहीत ना?
एका शेतातल्या, एका जेठ्या गड्ड्याच्या?
ते हसले. सोयरीक जुळवताय का बाई?
उलट, म्हटलं. सोयरीक नाही याची खात्री करतेय.
नातं निघालं तर माझं गणित मोडतं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं:
जमिनीच्या पोटात निजलेली हळद
पत्र्याखाली तापलेल्या हळदीपेक्षा गुणाची.
हे आज्ज्यापासूनचं. पण आता रायगोंडा मगदूमांना
कागदावर हवं होतं, कॉलेजच्या शिक्क्यासकट,
क्विंटलमागे चार पैसे जास्त द्यायचे तर.

आठवडाभर कुरकुमीन मोजलं.
ओढणी पिवळी, हजेरीपट पिवळा,
शिपायानं विचारलं, कुणाचं ठरलंय?
सरासरी निघाली: पेव तीन पॉइंट बेचाळीस,
गोदाम तीन पॉइंट सतरा.
"झालं की मग!"
दस्तगीरभाई खुर्चीतून अर्धे उठले.

इथंच दरवर्षी एस. वाय.ची मुलंही उठतात.
बसा, म्हटलं.
शितावरून भाताची परीक्षा, कबूल.
पण इथं एकाच पातेल्यात
एक शीत कच्चं आणि एक गाळ.
पेवातलीच एक पुडी दोन पॉइंट सात, दुसरी चार.
घरातल्या घरात एवढं अंतर,
तर दोन घरांतल्या पावाचं काय घेऊन बसलात?

म्हणून आधी धरून चालायचं की फरक नाहीच.
जे खरं निघावं असं वाटतं त्याच्या नेमकं उलट,
हा आमच्या शास्त्राचा खाष्टपणा.
मग विचारायचं, फरक नसताना नुसत्या योगायोगानं
एवढी किंवा याहून मोठी तफावत
कितीदा दिसली असती?
शंभरात अकरा वेळा.
पाचाच्या आत असेल तरच आम्ही मान हलवतो.
पाचच का?
कुणीतरी ठरवलं.
पी हळद अन् हो गोरी इथं चालत नाही, दस्तगीरभाई.

"म्हंजे फरक न्हाई?"
तसंही नाही म्हणता येत.
आहे म्हणायला पुरावा पुरत नाही, एवढंच.
या वाक्याला वर्गात जांभया येतात.
ते मात्र गप्प झाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पेव उघडलं की दोरीनं कंदील सोडतो खाली.
इझला तर उतरायचं न्हाई. विषय संपला.
न्हाई इझला,
तर हवा चांगली हाय आसं कुठं ठरतंय?
इझला न्हाई, एवढंच कळतं.
माझा चुलता जळता कंदील बघूनच उतरला हुता."

वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आहे,
ग्रीक अक्षरांत.

"मग किती पुड्या लागतील?"
मी आकडेमोड केली. दोन्हीकडून एक्केचाळीस,
तरीही खात्री नाही, बरीचशी आशा.
गोदामं मिळतील. गोदामं वाढतायत.
ते बोटांच्या पेरांवर पेवं मोजायला लागले,
चौगुल्यांची दोन, संगमाच्या अंगाची सहा,
महापुरात बसलेली सोडून,
भिंत खचलेली सोडून,
वर स्लॅब पडलेली सोडून.
सव्विसाव्या पेरावर अंगठा थांबला.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
सव्वीसच.

अहवालात मी लिहिलं: नमुना अपुरा,
निष्कर्ष काढता येत नाही.
मगदूमांनी ते "फरक नाही" असं वाचलं
आणि जुन्याच दरानं पट्टी केली.

पुड्या न्यायला कुणी आलं नाही.
कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.
पेन्सिल पुसट झाली.
परवा एकेक उघडून हुंगून पाहिली,
दोन ढीग करायला घेतले,
आणि नवव्या पुडीपाशी
माझं मलाच सांगता येईना.