दीड बटण

त्या हिवाळ्यात अडतीस मुलं आली
विनिपेगच्या त्या तळघरात, जिथे हीटरचा पाइप
कुणी आत अडकल्यासारखा ठकठक करायचा.
मी भिंतीपलीकडे. तासाला सव्वाचार डॉलर.
काम एवढंच: विजेचा झटका बसल्यासारखं ओरडणं.
वीज नव्हतीच. तारेचं टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं.
ओरडता ओरडता मी मफलर विणायचे.
टाका कधी चुकला नाही.
एकदाच चुकला, तो पुढे सांगते.

आधी त्यांना सिनेमा दाखवत.
निम्म्यांना गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीचा,
निम्म्यांना तो दुसरा.
मग मी त्यांच्याशी उद्धटपणे बोलायचे, लिहून दिलेलं, पाठ केलेलं.
मग त्यांच्यापुढे बटणं. एक ते दहा.
‘मी उठतो’ असं अकरावं बटण
कुणी बसवलं नव्हतं.

एक होता ओस्टाप, कोटाची बाही तोकडी.
खुर्ची सरकल्याचं भिंतीतून ऐकू आलं.
‘ती रडतेय. मी नाही दाबणार.’
डॉक्टर थोरवाल्डसननी त्याच्या नावावर रेघ मारली.
शेरा: सूचना पाळल्या नाहीत.
कागद बाद.

उरले सदतीस. मार्चमध्ये पेपरात छापून आलं,
की पुरुष का बिघडतो ते आता कळलंय.
फरक दीड बटणाचा.

मार्गारेथा काकूने कात्रण फ्रिजवर लावलं.
‘बघ नेट्टी, बरं झालं, आपल्याकडे टीव्ही नव्हता.’

नव्हताच.
आल्टोनाजवळच्या त्या शेतघरात
एक रेडिओ, तोही हवामानापुरता,
एक जर्मन बायबल,
आणि हाइनरिख काका,
ज्यांनी जन्मात एक सिनेमा पाहिला नाही
आणि जे धान्याच्या कोठाराची कडी
आतून लावायचे.
मी नऊ वर्षांची.

त्यांचा कागद कुठल्या ढिगात ठेवू, डॉक्टर?
मासेमारीच्या?

मी त्या दुसऱ्या सिनेमाची वकिली करत नाही.
दाराच्या फटीतून पाहिला होता एकदा. पोट ढवळलं.
त्यातली बाई माझ्यासारखीच तासाच्या हिशोबाने ओरडत होती
की खरंच,
ते मला आजही सांगता येणार नाही.
ते कुणी मोजलंही नाही.
दीड बटण असेलही खरं.
पण ते दाबायला लावलेलं होतं,
आणि कडी कुणी लावायला सांगितली नव्हती.

परवा नातीचा फोन आला, कॉलेजातून:
‘ओमा, तुमचा तो प्रयोग आम्हाला परीक्षेला आहे.
निष्कर्ष दोन ओळींत लिहायचा.’
मी म्हटलं, लिही बाई, मार्क घे.

मग पेटीतून मफलर काढला.
ओस्टाप ‘नाही’ म्हणाला त्या क्षणी
हातातून टाका सुटला होता.
तिथून बोट आरपार जातं.
इतक्या वर्षांत मी ते रफू केलेलं नाही.