थॉर्नडाइकचं वजन

वजन काढायला मला बोलावलं होतं, मत द्यायला नाही.
नगरपरिषदेचं पत्र तसं स्पष्ट होतं:
पुतळा एक, कांस्य, उंची अकरा फूट,
क्रेन किती टनांची लागेल ते कळवावे.

व्हर्जिनियातलं हे नदीकाठचं गाव त्याच्याच नावाचं.
अब्नर थॉर्नडाइक. लोक अजून नुसतं 'अब्नर' म्हणतात,
कोपऱ्यावर राहणाऱ्या चुलत्यासारखं.
राज्याची घटना त्यानं लिहिली, तीन रात्रीत, अंगात ताप असताना.
राजाला धाडायच्या पत्रातला 'नम्र' हा शब्द त्यानं खोडला,
ते खोडलेलं पत्र कोर्टात काचेखाली आहे.
शाळेचा कायदा त्याचाच: प्रत्येक मुलाला अक्षर, फुकट.
आणि 'प्रत्येक' म्हणजे कोण कोण, तेही त्याच्याच हातचं,
समासात, बारीक.
त्याच्या खतावणीत त्र्याऐंशी माणसं,
तंबाखूच्या खाली, खेचरांच्या वर.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली ती याच्यासमोर,
उजवा हात वर, मार्चमधला वारा.
तेव्हा मान उचलून पाहिलं नव्हतं.
पाहिलं असतं तरी दिसला असता
डाव्या कोपराखालचा सांधा, नीट न घासलेला.
माझे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर.
आमच्या घरी देवसुद्धा आधी उलटा करून बघायचे,
ओतकाम कसं आहे ते.

उतरवायच्या दिवशी चौकात दोन गर्द्या.
लाइल कचिन, चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला,
टोपी छातीशी धरून उभा. म्हणाला,
"आमच्या घराण्यात पहिली सही जमली ती या माणसामुळे."
खोटं नव्हतं ते.
पलीकडे ओडेसा थॉर्नडाइक, वय अठ्ठ्याहत्तर,
घडीची खुर्ची, मांडीवर कॉफीचा रिकामा डबा.
आडनाव तेच. खतावणीतून आलेलं.
त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.
मला खुणेनं जवळ बोलावलं.
"किती भरला?"
"सहा हजार पौंड."
"हं. मला वाटलं होतं जास्त असेल."

पट्टे ताणले. बूट चौथऱ्यावरून सुटले
तेव्हा बरणीचं घट्ट झाकण निघावं तसा आवाज झाला
आणि माझा आकडा चुकला.
काटा तीनशे पौंड वर.
आडवा केल्यावर कळलं: आतला गाभा तसाच.
वाळू, विटांची भुकटी, गंजलेल्या सळया,
शंभरावर वर्षं ओल धरून
आतून कांस्य खात बसलेल्या.

रात्री कोल्हापूरला फोन लावला. बाबा हसले.
"गाभा काढलाच नाही? घाई असणार.
उद्घाटनाची तारीख आधी ठरली की असंच होतं.
वरून पॉलिश मारत राहतात, आत फुगत जातं."
मग जरा थांबून, कारागिराच्या आवाजात,
"चेहरा कसा उतरलाय पण?"
चेहरा सुंदर उतरला होता.
पापणीची कडसुद्धा.
मी तसं सांगितलं, आणि सांगताना
आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते बघितलं.

रिपोर्टात सुधारित वजन लिहिलं.
वाळू कुठल्या काठाची, याला रकाना नव्हता.
त्याचा धक्का होता, बोटी लागायच्या, तिथलीच असेल.
नसेलही.

दुसऱ्या दिवशी ओडेसाबाई ढिगापाशी आल्या,
डबा पुढे केला. "टोमॅटोला चालेल?"
"आधी तपासून घ्या," मी म्हटलं,
"तांबं उतरलेलं असतं त्यात."
त्या वाकल्या, गुडघा धरून, हळू.
अर्धा डबा भरला.
झाकण बसेना, तेव्हा बोटानं कड पुसली
आणि पुन्हा बसवलं.