शेऱ्याचा रकाना

गट नंबर दोनशे बारा, पोटहिस्सा तीन.
प्लॉट पाडायचेत म्हणून मोजणीला आलो
होटगी रस्त्याच्या पलीकडे, मार्चातल्या अकराच्या उन्हात,
तर जमीन कागदासारखी वागेना.
यंत्र म्हणतं, इथं दीड मीटर खोल.
उतारा म्हणतो, सपाट, जिरायत.

"गोल्फ होतं की ओ इथं," मेंढ्या वळवता वळवता
बिरू म्हणाला. "साहेबलोकांचं. नऊ भोकं."

मग मिलच्या लिलावातल्या रद्दीत
तो कागद सापडला, चौकटींचा,
चादरीची नक्षी उतरवतात तसला.
एक चौकट म्हणजे दहा पावलं.
काठाला मोर काढायची सवय असलेल्या हातानं
काढलेले उतार,
आणि खाली कोपऱ्यात, तेलुगूत, बारीक: गड्डम राजय्या.

साहेबाचं नाव वर, ठळक. मॅकल्पिन, स्पिनिंग खातं.
त्याच्या गावी समुद्र, वाळूच्या टेकाडांची रांग.
तिथलं मैदान म्हणे कुणी आखलंच नाही.
वारा सुटला की मेंढ्या टेकाडाआड दबून बसायच्या,
बसून बसून गवत झिजलं, वाळू उघडी पडली,
त्या खड्ड्यालाच खेळणाऱ्यांनी अडचण मानलं.
पहिला आर्किटेक्ट वारा, दुसरी मेंढी.
टाय लावलेली माणसं फार नंतर आली,
त्यांनी सही केली.

साहेबाला हे ठाऊक असावं.
कारण आधी खोदलं नाही त्यानं.
सबंध आषाढ नुसता बघत राहिला
बिरूच्या पणजोबाची मेंढरं कुठं टेकतात,
आणि राजय्या टिंबं देत गेला.

सातव्याला अडलं. साहेबाला हवा होता
गावाकडचा तो तिरपा चौथरा,
जवळ वाटणारा, चेंडू भलतीकडेच घेऊन जाणारा.
सांगून समजेना. इंग्रजी संपली, तेलुगू सुरूच नव्हती.
राजय्या त्याला भुईकोटाच्या खंदकाशी घेऊन गेला,
बुरुजाकडे बोट केलं: असं?
हे मी रचतोय. पण कागदावर त्या जागी
कोळशाची एक रेघ आहे, घाईची,
बाकीच्या नक्षीत न बसणारी.

माती वडारांनी उचलली, गाढवांवर.
हिरवळ कुठली, सोलापूर आहे.
वाळूत मिलचं जळकं तेल कालवून
थापले तपकिरी गोल, नऊ.
खेळून झालं की गोणपाट ओढून
पावलं पुसायची.
साहेब गेले. भोंगा गेला. तेलाचा वास
अजून येतो म्हणतात, मला आला नाही.

पाटीवर एकच नाव होतं.
पाटीही राहिली नाही, हे एका परीनं बरं.

सातवा मोजला. चौथरा अजून फसवतो,
पहिल्या खेपेला मी चार मीटर चुकलो.
पुन्हा लेव्हल लावतोय तोवर
एक मेंढी आली, वारा नसताना,
गुडघे मोडून खड्ड्यात बसली,
कागदावर टिंब होतं नेमकं तिथं.
खरं सांगायचं तर दोन हात अलीकडे.

उद्या जेसीबी.
फॉर्मात शेऱ्याचा रकाना बोटभर.
लिहिलं: खड्डा. जुना. वहिवाट मेंढ्यांची.
वरिष्ठ म्हणतील, असला शेरा चालत नाही.