एक जून

भोकरच्या पुढं एक विहीर बावीस हात गेली
तेव्हा काळ्या पाषाणाखाली मऊ लागलं.
मुंजाजी खालून ओरडला,
"मॅडम, गाळ हाय. हिरवट. वीतभर.
त्याच्याखाली पुन्हा धोंडाच."

दोन लाव्ह्यांमधली ती वीत.
एक येऊन थंड झालेला, दुसरा यायचा होता,
तेवढ्या सवडीत इथं तळं होतं.

"किती सालाचं आसंल?"
विचारलं आणि स्वतःच हसला.
त्याचा जन्म कागदावर एक जून,
भावाचा एक जून, बायकोचाही एक जून.
मास्तरांनी अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं.
खरं वय आई सांगायची:
बहात्तरच्या दुष्काळात तू रांगत होतास,
खडीच्या ढिगाशेजारी.
मावशी रझाकारातली.
मुंजाजीची लेक भूकंपाच्या सालची.

दगडाचं तरी काय वेगळं?
तेव्हा सोबत कोण होतं, एवढंच विचारायचं.

नांदेडला प्रयोगशाळेत
प्लास्टिकच्या भांड्यात (काच खातं ते)
आम्लात ठेवला तो गाळ.
चिखल विरला, वाळू विरली.
फुलांची धूळ विरली नाही.

भिंगाखाली आधी पाणनेचे,
त्यांचे बीजाणू नांगरासारखे आकडे टाकून
एकमेकांना धरून बसलेले.
मग तीन हात पसरलेला एक परागकण.
याचं झाड आता कुठंच नाही,
पुढच्या थरांत हा पुन्हा भेटत नाही.
म्हणजे हे तळं
साडेसहा कोटींच्या अलीकडचं नव्हे.
माझा चहा गार झाला होता.

आणि त्याच काचपट्टीच्या कडेला
गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राची, ताजी
ज्वारी.
मुंजाजीच्या सदऱ्यावरून आली असेल,
नाहीतर माझ्याच ओढणीवरून;
आम्ही पौषात गेलो होतो, कणसं फुलोऱ्यात होती.

वहीत लिहिलं: नमुना बाधित. पुन्हा घ्यावा.
लिहूनही तिच्याकडेच बघत राहिले.
हिचं झाड अजून उभं आहे.

संध्याकाळी फोन लावला.
"पाणी लागलं मॅडम! तीन परस!
तुमची वीत बुडाली बघा."
मागं कुणीतरी गुलाल मागत होतं.
मी गप्प झाले तसा म्हणाला,
"काळजी करू नका,
ढेकूळ एक काढून ठेवलंय तुमच्यासाठी,
नीट, कोरडं,
ज्वारीच्या कणगीत."