नमुना एक्केचाळीस, नमुना बेचाळीस

बर्फ कमी पडला, तो आनंदवाडीच्या जेटीवरून मागून घेतला,
म्हणून बाबल कोयंडेच्या रक्ताला
कोल्हापूरला पोचेपर्यंत बांगड्याचा वास.
कंडक्टर म्हणाला, मासे असतील तर टपावर टाका.
मी म्हटलं, माणसं आहेत. दोन. सख्खे भाऊ.

दोघांची साखर बावीस वर्षांची.
बाबलची मूत्रपिंडं गेली, मंगळवार-शुक्रवार कणकवलीला मशीन.
धाकू अजून ट्रॉलरवर जातो;
फेस त्याला फक्त समुद्राचा दिसतो.

"एकाच तोपातला कालवण. मगे माकाच कित्याक?"

मॅडमनी मला शिकवलेलं मी त्याला रापणीतून सांगितलं:
साखरेनं जाळ्याचा एखादा डोळा उसवला
की तिथून हाक जाते.
पांढऱ्या पेशी धावतात, दोर ओढायला वाडी धावते तशा.
त्यांना कान असतात. किती, ते एक जनुक ठरवतं,
आणि त्याच्या उंबऱ्यावर एक अक्षर,
कुणाचं असं, कुणाचं तसं.
कान जास्त, तिथे गर्दी जास्त.
पण ही माणसं वाटा घेऊन घरी जात नाहीत, बाबलदादा.
शिवायला येतात, आणि शिवता शिवता
सगळे डोळे बुजवून टाकतात.

"म्हंजे मदतीक इले तेंनीच बुडयल्यानी," तो हसला,
आणि फिस्टुलावर बाही ओढली.

धाकू दारात.
त्याला ते अक्षर हवं होतं,
सातबाऱ्यासारखं, जन्माआधीच नोंदलेलं.
अकरा वर्षांपूर्वी पैसे इंजिनात गेले
आणि त्या वर्षी गोळ्या एकाच्याच आल्या, धाकट्याच्या.
हे भाऊ बोलले नाहीत. वहिनी बोलली, सुकट निवडताना.

सहा महिन्यांनी कागद आला. उलटा.
भीतीचं अक्षर धाकूकडे.
मॅडम फोनवर: "दोघांवरून काही ठरत नाही गं,
आपले दोनशे अठरा आहेत.
आणि हे कुठे जुळतं, कुठे नाहीच जुळत."

बाबलने कागद भावाकडे सरकवला.
"कान तुजे मोठे, आनि हाक माका."

धाकूने घडी घातली, उघडली, परत घातली.
शुक्रवार होता.
कुणाचा तरी मासळीचा टेम्पो मागून आणून
त्याने अंगणात दोनदा धुतला.
वास गेला नाही.