बोळे

औषधांच्या दुकानातली पोरगी विचारते,
"साइज कोणती देऊ? लहान की मध्यम?"
आणि मी, अठ्ठावीस वर्षं ट्राम हाकलेला माणूस,
लिएपायाच्या रुळांचा सांधा न् सांधा पाठ असलेला,
गप्प.
एकतीस वर्षं तो कान शेजारच्या उशीवर आहे,
माझ्या तोंडापासून वीतभर.

पोरीचं नाव विझ्मा. ती काचेवर मांडत जाते:
हे पिवळे, फोमचे. चार रात्रींत मऊ पडतात, मग फेकायचे.
हे मेणाचे. कानाच्या तोंडाशी थापायचे, आत नाही ढकलायचे.
आणि हे सिलिकॉनचे,
तीन टोप्या एकीवर एक घातल्यासारखे,
डबीत जोडीनं झोपलेले.
"हे धुता येतात. कोमट पाणी, साधा साबण.
काढताना मात्र हळू, जरा पीळ देत.
ओढले तर कानाला ओढ बसते."

"आजींना त्रास कशाचा होतो?"
मी सांगत सुटलो.
सीगल. जूनमध्ये इथे रात्र होते तरी कुठे,
साडेतीनला उजेड, आणि छपरावर त्यांची भुकेली पिल्लं.
बंदरातली क्रेन.
वरच्या झिगुर्ड्सची खुर्ची.
फ्रिज. चालू असतो तेव्हा नाही,
थांबतो तेव्हाचा.
"आणखी?"
आणखी चमचा, म्हणालो. कपात साखर ढवळताना.
सफरचंद चावताना. पेपरची घडी घालताना.
चमचा कोणाचा, सफरचंद कोणाचं,
तिनं विचारलं नाही. भली पोर.

मला वाटायचं, स्काइद्रीते चिडते.
मी फळ हातात घेतलं की उठून आत जायची.
तिखट कान, नसते लाड, मी म्हणायचो.
ती म्हणायची, तू काय कानात बोळे घालून बसलायस?
मग या वसंतात डॉक्टरनं तपासलं:
कान उत्तम आहेत. जरा जास्तच उत्तम.

विझ्मा आकडे दाखवते. हा सत्तावीसचा, हा सतराचा.
आकडा मोठा तेवढी शांतता मोठी.
मी सत्तावीसला हात घातला होता,
पण मुलगी डब्लिनला असते,
कामावरून सुटली की फोन करते, रात्री कधीही.
सतराचा दे.
दोन्ही साइज दे.

घरी ती आरशापुढे उभी राहिली,
डावा हात डोक्यावरून नेऊन
उजव्या कानाची पाळी वर ओढली,
कागदावरच्या चित्रात होतं तसं.
उजवा लहान निघाला, डावा मध्यम.
साठ वर्षं कान वागवून
तिलाही ठाऊक नव्हतं.

उरली एक विजोड जोडी.
पैसे मोजलेत, वाया का घालवा,
म्हणून मी घातली,
आणि शहाजिरं घातलेल्या काळ्या पावाचा तुकडा तोंडात टाकला.
देवा.
रुळावर वाळू सोडून ब्रेक दाबावा
तशी माझी दाढ.
घोट गिळला तर तळघरातला पंप.
श्वास तर, जाऊ दे.
बाहेरचं सगळं गाव हळू झालं होतं,
आणि मधोमध मी एकटा
केवढ्यानं जेवत होतो.

ती सात वाजेपर्यंत झोपली.
मी जागा. डावा बोळा लहान, सारखा सुटायचा,
सीगल आत यायचे, बाहेर जायचे.
सकाळी ती म्हणाली, "आज घोरला नाहीस तू."
घोरायला झोपावं लागतं,
हे मी म्हणालो नाही.

आता खिडकीशी टॉवेलवर चार बोळे वाळताहेत.
तिचे दोन डबीच्या झाकणाजवळ, माझे कडेला,
मिसळू नयेत म्हणून.
एक सीगल कठड्यावर उतरला,
मान वाकडी करून बघतोय:
खायचं आहे का काही.
मी काचेवर थाप मारली,
जोरात,
आणि मागे तिनं डोळे मिटून घेतले.